‘गेलो’ आणि ‘गेले’ यांच्या मध्ये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काल आपण बाजारात गेलो होतो, एवढं साधं वाक्य मराठीत बोलायचं म्हटलं तरी आपण पुरुष आहोत की स्त्री, हे त्यात सांगावंच लागतं. पुरुष म्हणतो, ‘मी गेलो’. पुण्याची बाई म्हणते, ‘मी गेले’. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडची बाई म्हणते, ‘मी गेली’. लहानपणापासून जिभेला याची सवय झालेली असते, म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण ज्या माणसाला ‘मी पुरुष’ हेही खरं वाटत नाही आणि ‘मी स्त्री’ हेही खरं वाटत नाही, त्याने हे वाक्य कसं बोलावं? आणि अशा माणसाला आपली सगळी आयुष्यकथाच सांगायची असेल, तर ती त्याने कुठल्या क्रियापदांनी लिहावी?

आज मी या प्रश्नाविषयी बोलणार आहे. काही जणांनी त्याचं उत्तर चित्रांतून शोधलं, त्याविषयीही बोलणार आहे.

आधी शब्दांचा घोळ थोडा निस्तरू. तृतीयपंथी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवणारी माणसं येतात. ती एका जुन्या समाजाची माणसं आहेत. त्यांच्यात गुरू-चेला परंपरा आहे, घराणी आहेत, रीतिरिवाज आहेत. काहींची शरीररचनाच जन्मतः वेगळी असते, ती गोष्ट आणखी निराळी. काही जण मुलगा म्हणून जन्माला येतात, पण आपण स्त्री आहोत ही त्यांची पक्की जाणीव असते. काहींचं याच्या उलट असतं. आणि काही जण असे असतात की त्यांना या दोन्ही खोल्यांत राहायचं नसतं. कधी दोन्हींतलं थोडंथोडं आपलं वाटतं, कधी दोन्हींतलं काहीच वाटत नाही. अशांसाठी अलीकडे नॉन-बायनरी हा शब्द वापरला जातो. शब्द नवा आणि परका आहे. माणसं मात्र नवी नाहीत आणि परकीही नाहीत.

मी राहतो त्या देवरीच्या बाजारात या प्रश्नाची एक मजेदार बाजू रोज ऐकू येते. नागपूर-रायपूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. छत्तीसगडची हद्द इथून जवळ. त्यामुळे आठवडी बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी अशा चार भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. छत्तीसगडी बोलणारा माणूस म्हणतो, ‘मैं जाथंव’. त्याची बायकोही म्हणते, ‘मैं जाथंव’. क्रियापदात काही फरक नाही. गोंडीत पुरुष एका गटात, तर बाई, जनावर, झाड, दगड हे सगळे दुसऱ्या गटात. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत ‘वो’ म्हटलं की तो की ती, ते कळत नाही. पण पुढे क्रियापद आलं की लगेच उलगडा होतो. उर्दू जिच्याकडून इतकं शिकली त्या फारसीत तर ‘तो’ आणि ‘ती’ हा भेदच नाही. आणि पलीकडे कोल्हापूरकडे जावं, तर तिथल्या मुली बिनदिक्कत ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. त्यांच्या बाईपणाला त्याने काही बाधा येत नाही.

म्हणजे बाईपण आणि पुरुषपण यांची वाटणी कुठे करायची, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवलं आहे. सगळ्यांचा बांध एकाच जागी नाही.

मराठीचा बांध तर फारच गमतीदार आहे. ‘मी भात खाल्ला’, ‘मी भाकर केली’, ‘मी चित्र काढलं’ ही वाक्यं पाहा. बोलणारा पुरुष आहे की स्त्री? सांगता येत नाही. इथे क्रियापद भाताकडे, भाकरीकडे, चित्राकडे बघतं. पण ‘मी आलो’, ‘मी बसले’, ‘मी रडलो’, ‘मी मोठी झाले’ म्हटलं की क्रियापद थेट बोलणाऱ्याकडे बघतं. एखादी वस्तू केली, बनवली, की बहुधा मराठी त्या वस्तूचं लिंग विचारते. नुसतं आलं, गेलं, जगलं, की ती माणसाचं लिंग विचारते. भविष्यकाळात मात्र ती काहीच विचारत नाही. ‘मी येईन’, ‘मी लिहीन’, ‘मी राहीन’. बाईचंही तेच, पुरुषाचंही तेच. उर्दूत भविष्यकाळातही सुटका नाही; तिथे ‘जाऊंगा’ की ‘जाऊंगी’ हे ठरवावंच लागतं.

हे मी चाळीस वर्षं कविता लिहितो म्हणून मला सुचलं, असं कुणाला वाटेल. खरं तर माझ्या नजरेला हे एका लेकराने आणून दिलं. लेकरू म्हणतो, कारण त्याचं वय जेमतेम एकोणीस, आणि ‘तुला काय म्हणू?’ असं मी विचारलं तेव्हा, ‘चाचा, लेकरूच म्हना, ते चालते,’ असं उत्तर मिळालं. मराठीने नपुंसकलिंग दिलं आहे ते अशा वेळी उपयोगी पडतं. मूल, बाळ, लेकरू, पोरगं हे सगळे शब्द त्यातलेच. या लेकराचं नाव, गाव मी सांगणार नाही. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने बोलतो आहे.

हे लेकरू कविता दाखवायला आलं होतं. पंचवीस-तीस कविता. वाचता वाचता ध्यानात आलं की सगळ्याच्या सगळ्या भविष्यकाळात आहेत. उद्या असं होईल, मी तिथे जाईन, मी अमुक बोलेन. इतकी उद्याचीच भाषा का, म्हणून विचारलं. ते म्हणालं, ‘उद्याचं लिवलं का कोनी विचारत नाही, तू कोन म्हनून.’

मग मी म्हटलं, आणि मागचं? बालपणाचं काही लिहिलंच नाहीस? तेव्हा त्याने पिशवीतून एक वही काढली. शंभर पानी, आखीव, शाळेत असते तशी. मागचं सगळं त्या वहीत होतं, आणि ते चित्रांत होतं. खाली एखादी ओळ, बहुतेक ठिकाणी तीही नाही.

एका पानावर शाळेची प्रार्थना होती. उंचावरून पाहिल्यासारखी, डोक्यांचे नुसते ठिपके. एक रांग मुलांची, एक मुलींची, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक ठिपका. दुसऱ्या पानावर शिंपी मापाची फीत घेऊन उभा, त्याच्यामागे भिंतीवर एकीकडे सदरे टांगलेले, दुसरीकडे पोलकी. आणखी एका पानावर धानाची बांधी होती. आमच्याकडे चिखलणी पुरुष करतात आणि रोवणी बाया करतात. त्या पानावर सकाळी नांगरामागे असलेलं तेच लेकरू दुपारी बायांच्या ओळीत वाकून रोवणी करत होतं. दोन्ही चित्रांत पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. खाली लिहिलं होतं, ‘चिखल सगळ्यांना सारखाच लागते.’

या वहीच्या आधीही एक वही होती. ती घरातल्या मोठ्या माणसाने चुलीत घातली. हे सांगताना लेकरू रडलं नाही, तक्रारही केली नाही. फक्त एवढंच म्हणालं, ‘त्यात आठवीपर्यंतचं होतं.’ म्हणजे जाळणाऱ्याने कागद जाळला, पण त्याबरोबर एका माणसाची तेरा-चौदा वर्षं गेली. कारण शब्दांत ती कुठेच लिहिलेली नव्हती. ही दुसरी वही सध्या माझ्या कपाटात, दिवानांच्या आणि काव्यसंग्रहांच्या मागे ठेवलेली आहे. मधून मधून ते येतं, दोन पानं काढतं आणि वही परत ठेवून जातं.

त्या लेकराला माहीत नव्हतं, पण जगात या मार्गाने आधीही माणसं गेली आहेत. चित्रांतून आत्मकथा सांगण्याची रीत आता चांगली रुळली आहे. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांनी नाझी छळछावणीत काढलेले दिवस ‘माउस’मध्ये चितारले, त्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. १९९२ मध्ये त्या पुस्तकाला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. इराणच्या मार्जान सत्रापी यांनी क्रांतीच्या आणि युद्धाच्या काळातलं आपलं बालपण ‘पर्सेपोलिस’मध्ये सांगितलं, त्याचा पहिला भाग २००० मध्ये फ्रेंचमध्ये आला. डोक्यावर सक्तीचा रुमाल आलेली दहा वर्षांची मुलगी पहिल्याच पानावर आपल्याकडे बघत असते. नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा, पण त्या मुलीचं काय झालं हे कळायला इराणचा इतिहास आधी वाचावा लागत नाही.

आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माइया कोबाबे यांचं ‘जेंडर क्वीअर’ आलं. हे नॉन-बायनरी माणसाचं सचित्र आत्मचरित्र. बालपणापासून तरुणपणापर्यंत, आपण मुलगीही नाही आणि मुलगाही नाही हे हळूहळू कसं उमजत गेलं, याची ही गोष्ट. कोबाबे यांनी स्वतःसाठी इंग्रजीतली ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही सर्वनामं बाजूला ठेवून वेगळी, फारशी प्रचारात नसलेली सर्वनामं घेतली. श्रोत्यांच्या लक्षात आलं असेल, मीही नुसतं नाव घेऊन आणि आदरार्थी ‘यांनी’ म्हणून काम भागवतो आहे. मराठीत एवढी सोय आहे.

या पुस्तकाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. अमेरिकेत शाळांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून ते काढून टाका, अशा मागण्या झाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं सर्वाधिक आक्षेप याच पुस्तकावर घेतले गेले. त्यातली काही पानं शरीराविषयी मोकळेपणाने बोलतात. लहान मुलाच्या हाती ते द्यावं का, असा प्रश्न एखाद्या आईबापाला पडला तर मी त्यांना दोष देणार नाही. कुठल्या वयात काय वाचावं हा विचार आपणही करतो. पण वय पाहून पुस्तक वरच्या फळीवर ठेवणं वेगळं आणि फळीवरून कायमचं काढणं वेगळं.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे अमृता पाटील यांची ‘कारी’. पुण्यात जन्मलेल्या, गोव्यात वाढलेल्या या चित्रकार-लेखिकेची ही चित्रकादंबरी २००८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ती आत्मचरित्र नव्हे, आणि नायिका स्वतःला नॉन-बायनरी म्हणवत नाही. पण मुंबईसारख्या एका धुरकट शहरात, जाहिरात कंपनीत काम करणारी, दुसऱ्या एका मुलीवर जीव लावणारी ही कारी ‘मुलगी’ या साच्यात पुरती बसत नाही. सुरुवातीलाच दोघी आपापल्या इमारतींवरून उडी घेतात. एकीला जाळी वाचवते, कारीला खालचं गटार. पुढे ती त्याच गटारातून रात्री नाव वल्हवत शहराची घाण उपसत फिरते. ज्याने आपल्याला वाचवलं त्याचं ऋण फेडावं, तशी. हे शब्दांत सांगितलं तर अतिशयोक्ती वाटते. चित्रात ते पटतं.

मराठीत या वाटेवरचं शब्दांतलं काम झालेलं आहे. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आलं आणि खूप वाचलं गेलं. तिथे बोलणाऱ्या ‘मी’ने आपलं क्रियापद निवडलेलं आहे, ते ठासून वापरलं आहे. ज्याला निवडायचंच नाही, किंवा अजून निवडता येत नाही, त्याला मात्र चित्राचा आधार मोठा. चित्रातला माणूस येतो, बसतो, रडतो. पण ‘आलो’ की ‘आले’ असं कुणी त्याला विचारत नाही. शिवाय चित्रकथेत एका चौकटीनंतर दुसरी चौकट येते आणि मधली जागा कोरी असते. त्या कोऱ्या जागेत काय घडलं ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. भरता भरता तो त्या माणसाच्या जागी जाऊन उभा राहतो. व्याख्यान देऊन जे होत नाही, ते असं होतं.

काही जण म्हणतात, हे सगळं परदेशी खूळ आहे. मला तसं वाटत नाही. पंढरीच्या विठोबाला आपण ‘माउली’ म्हणतो. ज्ञानेश्वरांनाही माउलीच म्हणतो. त्याच ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, पुरुष असून स्त्रीच्या तोंडचे शब्द लिहिले. पुढे कितीतरी संतांनी गौळणी रचल्या. उर्दू गझलेत प्रेयसीविषयी बोलतानाही पुल्लिंगी क्रियापद वापरायची रूढी आहे, आणि सतराव्या शतकातला विजापूरचा शायर हाशमी स्त्रियांच्या तोंडची गझल लिहून गेला. कवितेने ही ये-जा नेहमीच मोकळी ठेवली.

आमच्या झाडीपट्टीत तर हे रंगमंचावर घडत आलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, खडी गंमत होते. त्यात लुगडं नेसून, घुंगरू बांधून नाचणारा नाच्या हा पुरुषच. लोक त्याला शिट्ट्या देतात, बक्षिसं देतात. लेकराच्या वहीत त्याचंही एक पान आहे. पडद्यामागे नाच्या कानांतले झुबे काढून बशीतून चहा पितो आहे आणि तंबूच्या फटीतून दोन डोळे ते पाहत आहेत. रात्री ज्याला आपण डोक्यावर घेतो, तोच सकाळी लुगडं नेसून किराणा दुकानात आला तर मात्र आपण दार लावून घेतो. म्हणजे आपल्याला ही गोष्ट माहीत नाही असं नाही. ती आपण तंबूच्या आत ठेवली आहे.

धर्माचा विषय निघतो, म्हणून माझ्या धर्मातली एक गोष्ट सांगतो. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी कायद्याच्या प्रसिद्ध ग्रंथाचं शेवटचं प्रकरण ‘खुन्सा’विषयी आहे. ज्याचं शरीर पुरुषाचं की स्त्रीचं हे ठरवता येत नाही, असा माणूस. जुन्या फकीहांनी चर्चा केली की सामुदायिक नमाजात त्याने कुठे उभं राहावं. त्यांनी उत्तर दिलं, पुरुषांच्या सफेमागे आणि स्त्रियांच्या सफेपुढे. हा विचार शरीरापुरता आहे, मनाच्या ओळखीविषयी नाही, हे मी जाणतो. त्यातून वाटेल तो अर्थ काढणार नाही. पण त्यांनी त्या माणसाला मशिदीबाहेर जा म्हटलं नाही. त्याची जागा कुठली, हा प्रश्न त्यांनी आपल्यावर घेतला. शाळेच्या प्रार्थनेतला तो मधला ठिपका पाहिला तेव्हा मला ती सफ आठवली.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हा प्रश्न उशिरा का होईना, हाती घेतला. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ असा रकाना आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि माणसाने स्वतःची लैंगिक ओळख स्वतः सांगण्याचा हक्क उचलून धरला. २०१९ मध्ये संसदेने या लोकांच्या हक्कांविषयी कायदा केला. हे सगळं महत्त्वाचंच. पण ‘इतर’ हा शब्द शिरगणतीला पुरतो, घरात हाक मारायला पुरत नाही.

घरात काय करावं, हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही. मी काही डॉक्टर नाही. तरी एक-दोन गोष्टी सुचतात. ज्याला आपण बोलावतो त्यालाच विचारावं, तुला काय म्हणू? एक सावधगिरी मात्र हवी. ‘ते’ हा शब्द लेकराला गोड वाटतो, पण मोठ्या माणसाविषयी ‘ते बघ, ते आलं’ असं कुणी म्हटलं तर तो अपमान होतो. म्हणून आपल्या मनाने ठरवू नये, विचारून घ्यावं. शिक्षकांनी कधी रांग लावताना मुलगे-मुली न म्हणता उंचीप्रमाणे लावून पाहावी. प्रार्थना तीच राहते. आणि निबंध लिहायला लावतो, तसं एखादे दिवशी ‘माझा मागचा एक दिवस’ चित्रांत काढायला सांगावं. कुणी घर काढेल, कुणी बैल काढेल. एखादं लेकरू आजवर न सांगितलेलं काढेल.

ते चांगलं निघेल की वाईट, ही चित्रकलेची परीक्षा नव्हे. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात, गादीखाली अशी एखादी वही सापडली आणि त्यातलं काही कळलं नाही, तर रागावण्याआधी तिच्याजवळ बसून शेवटच्या पानापर्यंत बघा. विचारा, हा कोण, हे कुठलं, इथे काय झालं होतं? उत्तर लगेच मिळणार नाही. पण वही चुलीत घालू नका. त्या माणसाजवळ आपल्या गेलेल्या दिवसांचा दुसरा कुठलाच दाखला नसेल.